'वेडी' चालतं, मग 'बावळट' का लागतं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. माहेर जोधपूरचं, सासर साताऱ्याचं, राहणं पुण्यात, मराठी बोलायला लागून दोन वर्षं झाली. नणंद तिच्या सासूबाईंना घेऊन जेवायला आली. येताना रिक्षावाल्यानं सांगितले तेवढे पैसे तिनं मीटरकडे न बघताच देऊन टाकले. हे कळल्यावर तुम्ही हसत म्हणालात, "तू ना, अगदी बावळट आहेस!" त्यानंतर ती जेमतेम जेवली आणि आठवडाभर तुमचा फोन उचलत नाही. मोबाईलमधल्या शब्दकोशात बावळट, वेडा, मूर्ख आणि खुळा या चारही शब्दांपुढे एकच अर्थ दिलाय. त्यात भर म्हणजे नवरा तुम्हाला दिवसातून चारदा 'वेडी' म्हणतो. त्याचं तुम्हाला वाईट वाटतं आणि तुम्हाला वाईट का वाटतं हे त्याला कळत नाही.

मी बावीस वर्षं पुण्यात अमराठी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. बँकेत बदलून आलेले अधिकारी, लग्न होऊन आलेल्या सुना, आयटीतली पोरं. हा घोळ दर बॅचमध्ये कुणाचा तरी होतोच, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं केलेलं नाही. पण नणंदेला लागलं ते खरंच लागण्यासारखं होतं, हेही आधीच सांगते.

तुम्हाला फसवलं ते 'बावळी'नं. तुमच्याकडे आई लेकीला 'बावळी' म्हणते तेव्हा त्यात माया असते, हिंदीतल्या 'पगली'सारखी. मराठीत आल्यावर तुम्हाला 'बावळट' ऐकू आला, ओळखीचा वाटला आणि तुम्ही तो तसाच उचललात. शब्द एकाच घराण्यातले आहेत. दोन्हींचं मूळ संस्कृत 'वातुल'पाशी, म्हणजे अंगात वारं शिरलेला, वेडसर, इथपर्यंत नेतात. पण तुमच्याकडे तो वेडाच्या बाजूला राहिला आणि मराठीत त्यानं घर बदललं. मराठीत 'बावळट' म्हणजे वेडा नव्हे. खरं म्हणजे मूर्खही नव्हे.

मग काय? शब्दकोश बाजूला ठेवा, एक प्रसंग सांगते. मी सातवी-आठवीत असेन. आई आणि मी मिरजेहून कोल्हापूरला एसटीनं निघालो होतो. तिकिटं मी काढली. कंडक्टरकडे सुट्टे नव्हते, म्हणून त्यानं तिकिटाच्या मागं पेन्सिलीनं '६' लिहून त्याभोवती गोल केला आणि म्हणाला, "उतरताना घ्या." कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो. कंडक्टर पेटी बगलेत मारून कंट्रोलच्या खिडकीकडे चालायला लागला आणि मी तिकीट हातात धरून त्याच्या पाठीकडे बघत उभी. आईनं पिशवी खाली ठेवली. "अगं, बावळटासारखी उभी काय राहिलीस? जा की पळत, माग पैसे!"

आता बघा, त्या वर्षी मी गणितात वर्गात पहिली होते. सहा रुपये यायचेत हे मला कळत होतं आणि ते आईलाही ठाऊक होतं. तिनं माझ्या डोक्यावर शंका घेतली नव्हती. डोक्यात आहे ते वेळेवर तोंडातून बाहेर पडत नाही, चारचौघांत आपलं म्हणणं मांडता येत नाही, पाय जागचे हलत नाहीत, याला ती 'बावळटपणा' म्हणत होती. पुढं आयुष्यभर मला हा शब्द कुठंही भेटला की तो गोल केलेला सहा दिसतो.

वर्गात मी एक साधी युक्ती वापरते. अर्थ विचारायचा नाही, उलटा शब्द विचारायचा. 'मूर्ख'च्या उलट शहाणा. 'ढ'च्या उलट हुशार. 'भोळा'च्या उलट बेरकी. आणि 'बावळट'च्या उलट? मराठी माणूस क्षणभर थांबतो आणि म्हणतो, चुणचुणीत. किंवा चलाख. हल्ली सरळ 'स्मार्ट' म्हणतात. बुद्धिमान असं कुणी म्हणत नाही. म्हणजे या शब्दाचा सगळा मामला बाहेर दिसण्याचा आहे. म्हणून तर "या चष्म्यात तू बावळट दिसतोस" हे वाक्य होतं, पण त्याच अर्थानं "या चष्म्यात तू मूर्ख दिसतोस" होत नाही. चपचपीत तेल, गळ्यापर्यंत लावलेलं शर्टाचं बटण, उघडं राहिलेलं तोंड, कुणी ढकललं तर "सॉरी" म्हणणारा आपणच, हे सगळं बावळट. तो माणूस आत विद्वान असू शकतो. "वेश असावा बावळा, परी अंतरी नाना कळा" हे तुम्ही कधीतरी ऐकलं असेल किंवा ऐकाल. जुनी म्हण आहे, 'बावळी मुद्रा, देवळी निद्रा', म्हणजे दिसायला साधाभोळा, पण व्यवहाराला पक्का. दोन्हीकडे बावळेपण वेशाला आणि मुद्रेला चिकटलंय, डोक्याला नाही.

त्या दोन्हीत 'बावळा' आहे, 'बावळट' नाही, हे लक्षात आलं का? शेवटच्या 'ट'कडे बघा. भोळा ते भोळसट, खुळा ते खुळचट, वेडा ते वेडपट, बावळा ते बावळट. पोर ते पोरकट सुद्धा त्यातलंच. दरवेळी 'ट' लागला की मूळ शब्दातली दया निघून जाते आणि नाक मुरडलं जातं. भोळ्या माणसाला आपण सांभाळून घेतो, भोळसट माणसाला हसतो. माझ्या मते मराठीत हिणवायचं बरंचसं काम हे एक अक्षर करतं. तुमच्या 'बावळी'तली माया मराठीत यायची असती तर ती 'ट' लागायच्या आधीच यायला हवी होती. पण नुसतं 'बावळी' आता रोजच्या बोलण्यात फार कुणी म्हणत नाही, म्हणून ती वाट बंद.

जाता जाता व्याकरणाचं. बावळा, बावळी, बावळं असा शब्द बदलतो, पण 'बावळट' बदलत नाही: बावळट मुलगा, बावळट मुलगी, बावळट पोरं. लिंग दाखवायचं काम शेजारचा शब्द करतो: "बावळट कुठला!", "बावळट कुठली!" आणि 'सारखा' लावताना 'बावळटासारखा'. माझे विद्यार्थी हमखास 'बावळटी' म्हणतात. तो शब्द नाही.

आता नणंदेच्या जागी बसून बघा. रिक्षावाल्यानं फसवलं हे तिलाही कळलं असणार. पुण्यात रिक्षावाल्याशी वाद घालायचा कंटाळा कुणालाही येतो. पण तुम्ही तिला जे म्हणालात त्याचा मराठी कानाला ऐकू येणारा अर्थ असा: हिला जगात वावरता येत नाही. आणि ते कुणासमोर? तिच्या सासूबाईंसमोर. सुनेला व्यवहार कळतो की नाही, तिच्या हातात पैसे द्यावेत की नाही, हा बहुतेक घरांत नाजूक विषय असतो. त्यावर माहेरच्या माणसानंच शिक्का मारला. त्या दोघींत आधी काय बोलणं झालं होतं हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. पण हाच शब्द तुम्ही दोघीच स्वयंपाकघरात असताना आला असता, तर बहुधा ती म्हणाली असती, "हो गं, मेला मीटर बघायचाच विसरले," आणि विषय संपला असता. बावळटपणाला प्रेक्षक लागतो. प्रेक्षकांसमोर म्हटलं की दुप्पट लागतं.

तर मग 'वेडी'. याचं तुम्हाला वाईट वाटतं ते मी समजू शकते, कारण हिंदीत 'पागल' हा शब्द भांडणातही तितकाच हाताशी असतो. पण मराठी घरात 'वेडी' बहुतेक वेळा लाडाच्या बाजूला असते. माझ्या सासूबाईंना मी दिवाळीला साडी नेली की त्या पिशवीत डोकावतानाच म्हणायच्या, "वेडी आहेस का गं? एवढी महागाची कशाला आणलीस!" आणि ती साडी पाडव्यालाच नेसायच्या. तिथं 'वेडी'चा अर्थ होता: हिशेबापेक्षा जास्त प्रेम करतेस. वेड या शब्दात पहिल्यापासूनच ती ओढ आहे. गाण्याचं वेड असतं, क्रिकेटचं वेड असतं, एखादी व्यक्ती वेड लावते. मूर्खपणा कुणी कुणाला लावत नाही. नवरा ज्या स्वरात म्हणतो तो स्वर ऐका. "वेडी आहेस का?" असा प्रश्न असेल, किंवा "अगं वेडे" अशी हाक असेल, तर निर्धास्त राहा. दुसऱ्या कुणाशी बोलताना "वेडीच आहे ती" असं वाक्य आलं, तर मात्र त्याला विचारा.

एक सावधगिरी. वेड हा आजारालाही लावला जाणारा शब्द आहे. पुण्यात "येरवड्याला पाठवायला हवं" आणि मुंबईकडे "ठाण्याला पाठवा" हे विनोद तिथल्या मनोरुग्णालयांवरूनच आलेत. ज्या घरात कुणाला खरोखर मानसिक आजार आहे, तिथं मी 'वेडा' आणि 'येडा' दोन्ही तोंडातून काढत नाही. लाडानंसुद्धा नाही.

प्रदेश बदलला की हे सगळं थोडं सरकतं, आणि तुमच्या बाबतीत याला महत्त्व आहे, कारण सासर साताऱ्याचं. तिकडे आणि त्याखाली सांगली-कोल्हापूरकडे 'वेडी'ची जागा बरीचशी 'खुळी' घेते. "खुळी का काय तू?" असं जाऊबाई म्हणाल्या तर ते पुण्यातल्या 'वेडी'एवढंच समजा. कोल्हापुरात तर 'नाद खुळा' ही चक्क दाद आहे. एखाद्यानं भारी काम केलं की त्याला म्हणतात. मूर्खपणाचा शब्द शाबासकी म्हणून मिरवणारं ते गाव आहे, आमचं जवळचंच, म्हणून जरा अभिमानानं सांगते. तेच 'खूळ' नाम म्हणून आलं की वेगळं: "डोक्यात काय खूळ शिरलंय याच्या?" म्हणजे नसता छंद. विदर्भात तुम्हाला 'भैताड' आणि 'बह्याड' भेटतील, गोव्याच्या कोकणीत 'पिसो', मुंबईत 'येडा' आणि 'येडचाप'. यातल्या कुठल्यात किती माया आहे ते त्या त्या गावात राहून कळतं. मी मिरजेची, पुण्यात मुरलेली. विदर्भातल्या शब्दांच्या बाबतीत माझ्यावर विसंबून कुणाला काही बोलू नका.

'मूर्ख' हा मात्र सगळीकडे सारखाच जड. तुम्ही त्याबद्दल विचारलं नाहीत, पण यादीत आहे म्हणून सांगते, कारण यापुढची चूक तिथं होण्याची शक्यता आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधात दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा आहे. एकामागून एक लक्षणं आणि ओवीच्या शेवटी पालुपद, 'तो येक मूर्ख'. त्यातली एक ओवी मी वर्गात फळ्यावर लिहिते:

आपली आपण करी स्तुती । स्वदेशीं भोगी विपत्ति ।
सांगे वडिलांची कीर्ती । तो येक मूर्ख ॥

स्वतःची टिमकी वाजवणारा, आपल्याच मुलखात हाल सोसणारा, वाडवडिलांच्या मोठेपणावर जगणारा. यात गणित न येणारा कुणी नाही. उलट त्याच दशकाचा शेवटचा, दहावा समास 'पढतमूर्खा'चा आहे, म्हणजे शिकलेल्या, ग्रंथ वाचलेल्या मूर्खाचा. म्हणजे मराठीत 'मूर्ख' म्हणताना आपण माणसाचा विवेक काढतो, कसं वागावं हे याला कळत नाही असं म्हणतो. म्हणून तो शब्द चारित्र्यापर्यंत पोचतो आणि म्हणून तो मोठ्यांना कधीही म्हणायचा नसतो, थट्टेतही नाही. माझ्या एका विद्यार्थ्यानं सासऱ्यांना अतिशय अदबीनं "बाबा, तुम्ही मूर्ख आहात का?" असं विचारलं होतं. 'तुम्ही' वापरल्यामुळे वाक्य सभ्य झालं अशी त्याची समजूत. हीच गोष्ट 'बावळट'ची. 'अहो'बरोबर तो बसतच नाही. "अहो बावळट" म्हणून बघा, विनोदी नाटकातलं वाक्य वाटेल. हा शब्द 'अरे', 'अगं' आणि 'तू' यांच्याबरोबर, खालच्या किंवा बरोबरीच्या माणसाकडेच जातो.

वडीलधाऱ्यांच्या हातून काही झालं तर मराठीत दोन सोयी आहेत. पहिली, 'पणा'. माणसाला नाव ठेवायचं नाही, कृतीला ठेवायचं. "बाबा, असा वेडेपणा करू नका, या वयात शिडीवर चढायचं?" हे चालतं, त्यात काळजी ऐकू येते. तरीही "मूर्खपणा करू नका" इतकं पुढं जाऊ नका. दुसरी सोय, शब्दच बदलायचा. कुणी फसवलं तर "बाबा फार भोळे आहेत". फसवणाऱ्याला दोष, बाबांना नाही. गॅसवर दूध विसरलं तर "आईंचा जरा वेंधळेपणा झाला". वेंधळा म्हणजे लक्ष नसलेला, आणि लक्ष कुणाचंही उडतं. घाईत सांडलवंड केली तर धांदरट. ही त्यातल्या त्यात बिनविषारी नावं.

लहान मुलांच्या बाबतीत 'ढ' आणि 'मठ्ठ' हे दोन शब्द मी स्वतः टाळते. 'ढ'ची गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. ब्राह्मी लिपीपासून बाकीची अक्षरं वळणं बदलत आली, पण 'ढ' जवळपास होता तसाच राहिला, म्हणून वर्षानुवर्षं त्याच इयत्तेत बसणारा तो 'ढ', असं सांगतात. गंमत खरी, पण पोराला ती ऐकवू नये.

आणि उलट्या बाजूनं येणारे शब्दही असतात. 'शहाणा' म्हटलं म्हणून खूश होऊ नका. "मोठी शहाणी आलीय!" हा टोमणा आहे. आपल्याकडे पेशवाईतले साडेतीन शहाणे प्रसिद्ध आहेत. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे, कारण ते तलवारीचे नव्हते असं म्हणतात. म्हणजे अर्धा शहाणा हा मान झाला, आणि दीडशहाणा ही शिवी! परक्या माणसाला हे समजावताना माझी दरवेळी तारांबळ होते. एकापेक्षा जास्त शहाणपण स्वतःकडेच आहे असं समजणारा तो दीडशहाणा, एवढं सांगून मी पुढं जाते.

तर तुमच्यापुरतं थोडक्यात. 'बावळट' आपल्या माणसाला, एकांतात आणि शक्यतो त्यात स्वतःलाही ओढून म्हणावा: "आपण दोघी बावळटच गं!" त्यात बोच राहत नाही. 'वेडी' बरोबरीच्या आणि लहान माणसांना लाडानं. 'मूर्ख' फक्त स्वतःला: "मीच मूर्ख, छत्री घरी विसरले." स्वतःवर घेतलेला शब्द सहसा उलटत नाही, आणि नवशिक्यानं कुठलाही नवा शब्द आधी स्वतःवरच वापरून बघावा असं मी पहिल्याच तासाला सांगते.

आता नणंदेचं. मेसेज लिहून शब्दार्थ समजावत बसू नका, त्यानं जखम पुन्हा उघडेल. ती फोन उचलत नसेल तर तिच्या घरी जा, आणि जमलं तर तिच्या सासूबाई घरात असतानाच जा. बोललात त्यांच्यासमोर, तर मागे घ्यायचंही त्यांच्यासमोरच. जोधपूरची गोष्ट सांगा: "आमच्याकडे आई मला बावळी म्हणते, लाडानं. मला वाटलं बावळट म्हणजे तेच. मराठीत त्याचा असा अर्थ होतो हे मला आत्ता कळलं. बावळटपणा माझाच झाला." शेवटचं वाक्य जरूर म्हणा, आणि तसंच म्हणा. त्यात शब्दाचा वापरही अचूक आहे. चारचौघांत कुठं काय बोलावं हे वेळेवर न कळणं, त्यालाच तर मराठीत बावळटपणा म्हणतात.

माझा अंदाज, सासूबाईच आधी हसतील. आणि नणंद "वेडी आहेस का, एवढ्यासाठी आलीस?" असं म्हणाली, तर रडू नका. पाणी मागा आणि बसा.